पूल कुणी उडवला, हे नातवाला सांगायचं की नाही?

दरवर्षी जून सरत आला की दक्षिण कोरियात एक वाद हटकून पेटतो. २५ जून १९५० रोजी उत्तर आणि दक्षिण कोरियाचं युद्ध सुरू झालं. तिथली माणसं त्या युद्धाला नुसतं 'युगिओ' म्हणतात, सहा-दोन-पाच. महिना आणि तारीख हेच त्याचं नाव. या दिवसाच्या आगेमागे एका गटाचं म्हणणं असतं की नव्या पिढीला युद्ध ठाऊकच उरलेलं नाही, आजी-आजोबांनी नातवंडांना जवळ बसवून ते सांगायलाच हवं, नाहीतर शत्रू कोण हे पोरं विसरून जातील. दुसरा गट म्हणतो, पाऊणशे वर्षं उलटली, ज्यांनी गोळी चालवली ते बहुतेक गेले आणि ज्यांना लागली ते तर तेव्हाच गेले. आता कोवळ्या पोरांच्या माथी हे ओझं कशाला? कोरियन मालिकांच्या ओढीनं ती भाषा शिकणाऱ्या आपल्याकडच्या काही तरुण मुलांशी मी बोललो, तेव्हा तीही या दुसऱ्या गटाच्या बाजूनं कळकळीनं बोलली. दोन्हीकडचं ऐकताना मला एकच गोष्ट खुपते. आजीच्या गोष्टीत काय आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, असं दोन्ही गट धरून चालतात: उत्तरेचे लोक आले, त्यांनी मारलं, आम्ही पळालो. कोरियातल्या घराघरांतली गोष्ट इतकी सरळ कधीच नव्हती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. युद्धाच्या आठवणी मुलांना सांगितल्याच पाहिजेत, आणि त्या घराच्या सोयीनं कातरून सांगता कामा नयेत. आजोबा बर्फात किती दिवस उपाशी चालले हे सांगायचं, तसंच ते कुणाचं नाव पोलिसांना देऊन सुटले असतील तर तेही सांगायचं. धाकटा काका कुठे मेला हे कळलं नसेल तर 'कळलं नाही' एवढंच सांगायचं, त्या जागी रचलेलं हौतात्म्य ठेवायचं नाही. अशी पुरी गोष्ट ऐकलेलं मूल द्वेषाच्या कामी येत नाही, असं मला वाटतं. द्वेषाला नेहमी अर्धी गोष्ट लागते.

सोल शहरातल्या कुठल्याही हल्मोनीची, म्हणजे आजीची, गोष्ट घ्या. २७ जूनच्या पहाटे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री आगगाडीनं सोल सोडून गेले. त्याच रात्री रेडिओवरून त्यांचा आवाज शहराला धीर देत होता. २८ तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास हान नदीवरचा पूल सुरुंग लावून उडवला गेला, आणि तो दक्षिणेच्याच लष्करानं उडवला. पुलावर तेव्हा जीव घेऊन पळणारी माणसं होती. किती मेली यावर आजही एकमत नाही. ज्या इंजिनिअर अधिकाऱ्यानं हुकूम पाळला त्याला सप्टेंबरात मृत्युदंड दिला, आणि १९६४ मध्ये फेरसुनावणीत तो निर्दोष ठरला. पूल गेल्यामुळे लाखो लोक नदीच्या उत्तरेला अडकले. तीन महिने उत्तरेच्या राजवटीखाली त्यांनी कसे काढले? जे जमेल ते करून. कुणी सभेत टाळ्या वाजवल्या, कुणी सैनिकांसाठी भात शिजवला, कुणाचा मुलगा सक्तीनं सैन्यात ओढला गेला. २८ सप्टेंबरला अमेरिकी आणि दक्षिणेच्या फौजांनी शहर परत घेतलं, आणि रेडिओचं ऐकून विश्वासानं मागे राहिलेल्यांचीच चौकशी सुरू झाली. आधीच निसटलेले लोक 'दोगांगफा', नदी ओलांडलेले, म्हणून निष्ठावान ठरले. मागे राहिलेल्यांवर शत्रूला साथ दिल्याचा संशय. या आजीचा शत्रू कोण? ज्यांनी तिच्या मुलाला नेलं ते, की ज्यांनी पूल उडवला आणि परत येऊन तिलाच जाब विचारला ते? तिची गोष्ट नीट सांगितली तर दोघंही त्यात येतात. 'शत्रू कोण ते शिकवा' म्हणणाऱ्यांना हीच गोष्ट अडचणीची आहे, आणि 'द्वेष नको म्हणून गप्प बसा' म्हणणाऱ्यांनी ती ऐकलेलीच नाही.

गप्प बसा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा मी टाळणार नाही. आठवणींनी द्वेष पोसला आहे, हे खरं आहे. दक्षिण कोरियात कित्येक दशकं शाळेतल्या मुलांकडून जून महिन्यात साम्यवादविरोधी भित्तिचित्रं काढून घेतली जात. १९६८ मध्ये उत्तरेच्या घुसखोरांनी मारलेल्या एका शाळकरी मुलाचे पुतळे शाळाशाळांच्या आवारात उभे होते; त्या पोराच्या वयाची मुलं रोज त्यांच्याजवळून जायची. उत्तरेकडे सिन्चोन गावातल्या संग्रहालयात आजही मुलांचे जथे नेतात. १९५० च्या शरद ऋतूत तिथे अमेरिकी सैन्यानं ३५ हजारांहून अधिक माणसं मारली, असं त्यांना सांगतात. तिथे भयंकर हत्या झाल्या हे खरंच आहे, पण त्यांत मोठा वाटा त्याच भागातल्या उजव्या गटांचा होता, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना मारलं, असं उत्तरेबाहेरच्या बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे दोन्हीकडे मुलांना युद्ध सांगितलं गेलं, भरपूर सांगितलं गेलं, आणि त्यातून वैरच वाढलं. मग मी कशाच्या बळावर म्हणतो की सांगा?

कारण ते सांगणं घरातलं नव्हतंच. भित्तिचित्राचा विषय सरकारनं ठरवला, पुतळ्याखालची ओळही सरकारनंच. सिन्चोनच्या संग्रहालयातून 'शेजारी' वगळला आणि 'परका' ठेवला, तेही राज्यानंच. घरातल्या आठवणीत शेजारी वगळता येत नाही, कारण त्याचं नाव आजीला पाठ असतं, त्याच्या परसातला पेरसिमनचा वृक्ष तिला आठवतो, त्याची बायको तिच्याच विहिरीवर पाण्याला यायची. राज्याला जे एकरंगी करून हवं असतं, ते घरात रंगीबेरंगीच उरतं. म्हणून तर दोन्ही राजवटींना घरातल्या आठवणींची धास्ती होती. दक्षिणेत ती कायद्याच्या थरापर्यंत गेली, आणि ही गोष्ट जरा थांबून सांगितली पाहिजे.

१९४९ मध्ये दक्षिणेच्या सरकारनं 'बोदो योनमेंग' नावाची एक संघटना काढली. जुन्या डाव्या मंडळींनी तिच्यात नाव नोंदवावं आणि 'सुधारावं', असा तिचा उद्देश सांगितला जायचा. खेडोपाडी आकडे भरण्यासाठी राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या शेतकऱ्यांचीही नावं तिच्यात चढली; कुणी शिध्याच्या आशेनं अंगठा दिला, कुणी पाटलासारख्या गावप्रमुखाच्या शब्दाखातर. युद्ध सुरू होताच, हे लोक उत्तरेला मिळतील या भीतीनं, पोलिसांनी आणि लष्करानं त्यांना गोळा करून डोंगरात, खाणींत, समुद्रात नेऊन मारलं. पुढे सत्यशोधन आयोगानं नावानिशी निश्चित केलेले मृत सुमारे पाच हजार आहेत. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. मागे उरलेल्या बायकांनी मुलांना काय सांगितलं? बहुतेकींनी काहीच सांगितलं नाही. कारण 'योनज्वाजे' नावाची प्रथा होती: नातलगाच्या कथित गुन्ह्याचा डाग साऱ्या कुटुंबावर. बापाचं नाव यादीत असेल तर मुलाला सरकारी नोकरी नाही, लष्करी शाळा नाही, परदेशी जायला परवाना नाही. १९८० च्या राज्यघटनेनं ही प्रथा बंद केली, आणि नातलगाच्या कृत्यासाठी कुणाला त्रास देता येणार नाही हे कलम आजच्या घटनेतही आहे. पण तोवर तीस वर्षं गेली होती. मुलाला नोकरीवरून परत पाठवलं जायचं, आणि का ते त्याला कळायचं नाही. बाप कसा मेला हे आईनं सांगितलं नव्हतं, पण ठाण्यातल्या वहीला ते ठाऊक होतं. मुलांना ओझ्यापासून वाचवायचं म्हणून गप्प राहा, असं ज्यांना वाटतं त्यांनी या मुलांकडे पाहावं. ओझं त्यांच्या पाठीवर होतंच. त्याचं नाव तेवढं कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांनी बोलायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं? दक्षिणेतल्या जेजू बेटावर ऑगस्ट १९५० मध्ये एका टेकडीवर रात्रीच्या अंधारात सरकारी फौजांनी शेकडो माणसांना मारून खड्ड्यात टाकलं. नातलगांना हाडं उचलायची परवानगी मिळायला जवळजवळ सहा वर्षं लागली, आणि तोवर कुणाचं हाड कुठलं हे ओळखायला मार्ग राहिला नव्हता. तेव्हा सगळ्या घरांनी मिळून १३२ थडगी बांधली आणि त्या जागेला नाव दिलं 'पेक्जो इल्सोन', शंभर पूर्वज आणि एक वंश. आपापला माणूस वेगळा काढता येत नाही, तर सगळेच सगळ्यांचे पूर्वज. मला या नावाइतकं उदार काही त्या युद्धातून निघालेलं माहीत नाही. १९६१ च्या लष्करी उठावानंतर तिथली स्मारकशिला फोडली गेली. त्याच काळात मुख्य भूमीवर अशा घरांनी काढलेल्या संघटनांचे पुढारी तुरुंगात गेले. विसरायला लावणं हे सुद्धा राज्याचंच काम होतं, हे 'जुनं उकरू नका' म्हणणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

मुलांच्या मनावर ताण येईल, हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो बहुधा आयांकडून येतो. सहा वर्षांच्या पोराला प्रेतांच्या खड्ड्याचं वर्णन सांगू नये, हे मला मान्य आहे. वय पाहावं, झोपेची वेळ टाळावी, डोळ्यांतलं पाणी लपवू नये पण पोराला ते पुसायला लावू नये. हे सगळं खरं. पण न सांगितल्यानं मूल अज्ञानात सुखी राहतं, हे कुणी पाहिलं आहे? जेजूवरच्या बुकचोन गावात युद्धाच्याही आधी, जानेवारी १९४९ मध्ये, दक्षिणेच्याच सैन्यानं एका दिवसात तीनशेच्या आसपास माणसं मारली. कोरियन घरांत मृताच्या तिथीला रात्री 'जेसा' करतात, आपल्या श्राद्धासारखं: पाट मांडायचा, भात, मासा, फळं, धूप. बुकचोनमध्ये ती तिथी घरोघरी एकच. थंडीतल्या त्या रात्री अख्ख्या गावात दिवे, अख्ख्या गावातून धुपाचा वास, आणि कुणी बोलायचं नाही. १९५४ मध्ये युद्धात पडलेल्या एका सैनिकाच्या अंत्यविधीला गाव शाळेच्या पटांगणात जमलं. त्याच पटांगणातून पाच वर्षांपूर्वी माणसं मारायला नेली होती. कुणाला तरी हुंदका आवरला नाही आणि सारं गाव 'आइगो, आइगो' करून रडायला लागलं. त्या रडण्याबद्दल गावकऱ्यांना पोलिसांनी दटावलं आणि पुन्हा असं करणार नाही असं लिहून घेतलं. त्या पटांगणात मुलं नव्हती का? त्यांनी आपल्या आयांना रडताना पाहिलं आणि मग रडल्याबद्दल माफी मागतानाही. त्यांना काही सांगितलं नाही म्हणून त्यांच्या मनावर ताण आला नाही, असं आपण म्हणणार?

आता आठवणींच्या भरवशाचा प्रश्न. माणूस स्वतःला बरं करून सांगतो. दक्षिण कोरियात भेटेल त्या घरात आजोबा पळणारे असतात, लपणारे असतात, भुकेलेले असतात; गोळी चालवणारे आजोबा कुठल्याच घरात सापडत नाहीत. मग इतक्या गोळ्या चालवल्या कुणी? हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच म्हणतो की घरातल्या गोष्टीत घरची लाज यायला हवी. मात्र आठवणी भोंगळ असतात म्हणून निरुपयोगी, हे पटत नाही. ३० जून १९८३ ला दक्षिण कोरियाच्या सरकारी दूरचित्रवाणीनं युद्धात ताटातूट झालेल्या नातलगांना शोधण्याचा कार्यक्रम सुरू केला. तो दीडेक तासाचा ठरला होता, पण १३८ दिवस चालला. एक लाखाहून अधिक लोकांनी अर्ज केले, दहा हजारांहून जास्त कुटुंबं एकमेकांना सापडली. ती सापडली कशानं? कागदपत्रं कुणाकडेच नव्हती. गळ्यात पाटी अडकवलेली माणसं सांगत होती ते असं: कपाळावर पडल्याची खूण, घरी मला ज्या लाडक्या नावानं हाक मारायचे ते नाव, घरामागे ओढा होता, धाकटीला पाठीशी बांधून मी चालत होते. तीस वर्षांपूर्वी पाच-सहा वर्षांची असलेली ही मुलं. इतक्या मोडक्यातोडक्या आठवणींच्या आधारावर भाऊ बहिणीला ओळखत होता. इतिहासकाराला तारखा लागतात, आणि त्या लागायलाच हव्यात. पण आपल्या माणसाला ओळखायचं असेल तर घरातला हा चिंधीसारखा तपशीलच कामी आला.

दक्षिण कोरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांच्या घरची आठवण तर जगजाहीर आहे. डिसेंबर १९५० मध्ये चिनी सैन्य खाली सरकत असताना हुंगनाम बंदरातून एका अमेरिकी मालवाहू जहाजानं सुमारे १४ हजार निर्वासितांना गोजे बेटावर आणलं. वाटेत पाच बाळं जन्मली. मून यांचे आईवडील त्या जहाजावर होते. दोन-तीन आठवड्यांत परत जाऊ असं समजून निघालेले. ख्रिसमसला खलाशांनी प्रत्येक निर्वासिताला एकेक गोड गोळी दिली, हे आईनं मुलाला सांगितलं होतं. २०१७ मध्ये अमेरिकेत, त्या माघारीआधीच्या चोसिन जलाशयाच्या लढाईच्या स्मारकासमोर, मून यांनी ती गोळी जाहीर भाषणात आणली. ते भाषण मला भावतं आणि थोडं अस्वस्थही करतं. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी आली की गोळी मैत्रीचं प्रतीक होते, तिच्या कडेचं बाकीचं गळून पडतं. बाकीचं म्हणजे काय? वडिलांनी गोजेच्या युद्धकैद्यांच्या छावणीत मजुरी केली. आई अंडी विकत हिंडली. तिचं माहेर सगळं उत्तरेत राहिलं, आणि धाकट्या बहिणीला ती पुन्हा भेटली ते थेट २००४ साली, दोन्ही सरकारांनी घडवलेल्या भेटीच्या कार्यक्रमात, पन्नासहून अधिक वर्षांनी. घरात गोळीची गोष्ट या सगळ्यासकट सांगितली जाते. म्हणून ती घरात सांगितली जाणं महत्त्वाचं.

त्याच गोजेच्या छावणीतला एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९५३ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा २२ हजारांहून अधिक उत्तर कोरियन आणि चिनी कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. त्यांना सांभाळायचं काम भारतीय दलाकडे आलं, आणि त्या दलाचे प्रमुख होते कोल्हापूरकडच्या वडगावचे मेजर जनरल शंकरराव थोरात. री सरकारला भारत इतका नकोसा होता की आपल्या भूमीवर पाऊल ठेवायची परवानगी त्यानं भारतीय सैनिकांना दिली नाही. त्यांना बंदरावरून हेलिकॉप्टरनं निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. शेवटी ८८ जणांनी उत्तर नको, दक्षिण नको आणि चीनही नको असं सांगितलं, आणि ते भारतात आले. त्यांतले बरेच पुढे दक्षिण अमेरिकेत गेले, काही इथेच राहिले. 'शत्रू कोण ते शिकवा' या मताप्रमाणे या ८८ जणांच्या नातवंडांनी काय शिकायचं? त्यांच्या आजोबांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतला तो बाजू न घेण्याचा.

हे सगळं मी इतक्या तावातावानं लिहितो त्याला घरचं कारण आहे. माझी आजी नांदेडकडची. रझाकारांच्या काळातली तिची गोष्ट आम्हा भावंडांना पाठ होती: ज्वारीच्या उभ्या पिकात काढलेली रात्र, लुगड्याच्या ओच्यात बांधलेले दागिने, रडणाऱ्या काकाच्या तोंडावर धरलेला हात. त्यातला शब्द न शब्द खरा होता. रझाकारांनी मराठवाड्यात जे केलं ते भयानकच होतं. पण गोष्ट सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपाशी, फौजा आल्या आणि सुटलो, इथे संपायची. पुढे काय झालं हे मी चाळिशीत वाचलं. त्यानंतरच्या हिंसाचारात, मुख्यतः मुसलमानांची, किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा अंदाज भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं दिला होता, सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड होतं, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नव्हता. तेव्हा मला आजीचं एक वाक्य आठवलं. गल्लीतल्या एका घराचा उल्लेख आला की ती म्हणायची, 'ते घर मग रिकामंच राहिलं.' का राहिलं, हे मी विचारलं नाही. ती खोटं बोलली नव्हती. तिनं त्या वाक्यात दार किलकिलं ठेवलं होतं आणि मी आत डोकावलो नाही. आजी गेली. त्या रिकाम्या घरातल्या माणसांची नातवंडं कुठे तरी असतील, आणि त्यांच्या आजीची गोष्ट बरोबर तिथून सुरू होत असेल, जिथे माझ्या आजीची संपली.

म्हणून कोरियन आईबापांना उपदेश करायची माझी पात्रता नाही, पण त्यांच्यातल्या ज्यांनी बोलायचं धाडस केलं त्यांच्या बाजूनं मी उभा आहे. १४ ऑगस्ट १९९१ ला किम हाक-सून या सहासष्ट वर्षांच्या बाईनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी सैन्यानं आपल्याला लैंगिक गुलाम केलं होतं हे आपल्या नावानिशी जगाला सांगितलं. तोवर अशा कितीतरी बायकांच्या मुलाबाळांनाही त्याची कल्पना नव्हती. एका म्हातारीनं तोंड उघडल्यावर बाकीच्या बोलू लागल्या. १९४८ पासून जेजूत झालेल्या हत्यांबद्दल २००३ मध्ये आणि उल्सानमधल्या बोदो योनमेंगच्या बळींबद्दल २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांनी राज्याच्या वतीनं माफी मागितली. ती माफी सरकारला आपणहून सुचली नव्हती. घरात पुटपुटलेल्या गोष्टी आधी चव्हाट्यावर आल्या, नंतर आयोग आला, मग माफी.

आता वेळ फार थोडा उरला आहे. ताटातूट झालेल्या नातलगांच्या यादीत दक्षिणेत सव्वा लाखाहून अधिक लोकांनी नावं नोंदवली होती. त्यांतले बहुतेक वारले, आणि जे आहेत त्यांतले बरेचसे ऐंशीच्या पुढचे आहेत. शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये झाली. सरकारनं यांपैकी हजारो वृद्धांच्या चित्रफिती करून ठेवल्या आहेत, उत्तरेतल्या भावाला, मुलीला, बायकोला उद्देशून. फार थोड्या तिकडे पोहोचल्या. बाकीच्या दक्षिणेतच पडून आहेत. ज्यांच्यासाठी त्या केल्या त्यांना आता त्या बघायला मिळतील असं दिसत नाही. पण चित्रफितीतल्या म्हाताऱ्याचे नातू-पणतू सोलमध्ये, बुसानमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये आहेत. त्यांनी त्या मागून घ्याव्यात, आणि आजोबा जिवंत असतील तर त्यांच्या शेजारी बसून बघाव्यात. जिथे आजोबा बोलता बोलता थांबतील, तिथे चित्रफीत थांबवून विचारावं की पुढे काय झालं.